आतड्यातील जीवाणू आणि मज्जातंतूंचे आवरण

या सदरासाठी आलेल्या पत्रांपैकी एका पत्राचा विषय या वेळी घेत आहे. एका वाचक भगिनींच्या तरुण मुलीला मल्टिपल स्क्लेरॉसिस, संक्षेपाने एमएस, हा विकार असल्याचे निदान झाले आहे. तिचे औषधोपचार व्यवस्थित चालू आहेत. अलीकडे नात्यातील एकाने त्यांना मोबाइलवर एक संदेश पाठविला. या आजाराचे मूळ आतड्यातील जीवाणूंत आहे, पोट शुद्ध करणारी अमुक पावडर तीन महिने घेतली की तो समूळ जातो, मात्र त्या काळात इतर सर्व औषधे बंद ठेवावी लागतात, असा त्यातील मजकूर. ‘डॉक्टर, यात तथ्य किती?’ एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर आधी देतो, कारणे नंतर सांगतो. औषधे बंद करू नयेत. मात्र संदेशातील जीवाणूंचा उल्लेख अगदीच निराधार नाही, आणि म्हणूनच तो संदेश अधिक धोक्याचा आहे. निव्वळ खोटे सहसा ओळखू येते. खऱ्याच्या आधाराने उभे राहिलेले खोटे शिकलेल्या माणसालाही फसवते. तेव्हा त्यातील खरे कोठे संपते आणि विक्री कोठे सुरू होते, ते नीट पाहू.

आवरण झिजते तेव्हा

मेंदू आणि मज्जारज्जू यांतील संदेश मज्जातंतूंमधून विजेच्या लहरींसारखे धावतात. कोयनानगरच्या रहिवाशांना विजेची उपमा परकी वाटणार नाही. घरातील वायरीवर जसे प्लास्टिकचे आवरण असते, तसे या तंतूंवर मायलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. त्यामुळे संदेश वाटेत विरत नाही आणि त्याचा वेगही कित्येक पटींनी वाढतो. एमएसमध्ये शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारपेशी या आवरणाला परके समजून त्याच्यावर हल्ला करतात. आवरण जागोजागी उसवते आणि तेथे कठीण व्रण तयार होतात. पॅरिसमधील वैद्य शार्को यांनी १८६८ साली या विकाराचे पद्धतशीर वर्णन केले. अनेक ठिकाणचे कठीण व्रण, हाच ‘मल्टिपल स्क्लेरॉसिस’ या नावाचा अर्थ.

व्रण कोठे झाला त्यावर लक्षण ठरते. एखाद्याची एका डोळ्याची दृष्टी काही दिवसांत मंदावते व डोळा हलविताना दुखतो. एखाद्याच्या पायात बधिरता चढत जाते, कोणाचा तोल जातो, कोणाला लघवी आवरत नाही. बहुतेकांत हा विकार झटक्याझटक्यांनी येतो. काही आठवड्यांत बरे वाटते, पण प्रत्येक झटका थोडी खूण मागे ठेवून जातो. सुरुवात बहुधा वीस ते चाळीस या वयात होते आणि स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून अधिक आहे. म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न, बाळंतपण या साऱ्यांच्या ऐन मध्यावर तो घरात शिरतो.

२०२० सालच्या अंदाजानुसार जगात सुमारे २८ लाख लोकांना एमएस आहे. उत्तर युरोपातील काही देशांत लाखामागे शंभराहून अधिक रुग्ण आढळतात. आपल्याकडे मंगळूर शहरात झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे प्रमाण लाखामागे सुमारे आठ निघाले. म्हणजे आजार विरळा खरा, पण आपल्याकडे तो होतच नाही हा समज चुकीचा आहे.

जनुके, विषाणू आणि राहणीमान

एमएस कशामुळे होतो, याचे एका शब्दात उत्तर नाही. मुंबईचे ज्येष्ठ न्यूरॉलॉजिस्ट डॉ. नोशीर वाडिया यांनी सहकाऱ्यासह १९९० साली एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुंबईच्या पारशी समाजात एमएसचे प्रमाण लाखामागे वीसहून अधिक असल्याचे त्यात दिसले. शहर तेच, हवामान तेच, पण एका समाजात विकार ठळकपणे अधिक. वंशपरंपरेने आलेल्या जनुकांचा यात वाटा आहे, असे मानण्यास हा एक चांगला आधार होता.

पण जनुकांवर सारे ठरते असेही नाही. एकबीज जुळ्या भावंडांची जनुके जवळपास तंतोतंत सारखी असतात. तरीही त्यांपैकी एकाला एमएस झाला तर दुसऱ्याला तो होण्याचा संभव साधारण चारांत एक इतकाच असतो. उरलेले काम परिस्थिती करते. धूम्रपान, किशोरवयातील स्थूलपणा आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता यांनी धोका वाढतो. २०२२ साली अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या नोंदींवरून असे दिसले, की एप्स्टाइन-बार नावाच्या विषाणूचा संसर्ग झाल्यावर एमएसचा धोका सुमारे ३२ पटींनी वाढतो. पण हा विषाणू जगातील बहुसंख्य प्रौढांच्या शरीरात असतो आणि एमएस त्यांतील फारच थोड्यांना होतो. ठिणगी पुष्कळ घरांत पडते, आग मात्र एखाद्याच घरी लागते. त्या घरात आणखी काय निराळे होते, या शोधातून संशोधकांचे लक्ष आतड्याकडे गेले.

आतडे ही प्रतिकारशक्तीची शाळा

शरीरातील प्रतिकारपेशींचा फार मोठा भाग आतड्याच्या भिंतीत आणि तिच्या आसपास असतो. याचे कारण सोपे आहे. रोजचे अन्न आणि कोट्यवधी जीवाणू, म्हणजे बाहेरच्या जगाशी सर्वांत मोठा संबंध तेथेच येतो. कोणाला सोडायचे आणि कोणाला अडवायचे, हे प्रतिकारपेशी बव्हंशी तेथे शिकतात. त्यांतील काही पेशी पुढे रक्तावाटे दूरवर, मेंदूपर्यंतही जाऊ शकतात.

२०११ साली जर्मनीतील म्युनिकजवळच्या माक्स प्लांक संस्थेतील प्रयोग प्रसिद्ध झाला. एमएससारखा विकार आपोआप होणारी उंदरांची एक जात तेथे होती. हे उंदीर पूर्णतः निर्जंतुक वातावरणात वाढविल्यावर त्यांना तो विकार होईना. पुढे त्यांच्या आतड्यात सामान्य जीवाणू सोडल्यावर तो होऊ लागला. २०१७ साली त्याच गटाने माणसांकडे मोर्चा वळविला. एकाला एमएस आहे आणि दुसरा निरोगी आहे, अशा ३४ एकबीज जुळ्यांच्या जोड्या त्यांनी मिळविल्या. आजारी भावंडाच्या विष्ठेतील जीवाणू ज्या उंदरांना दिले, त्यांना विकार अधिक प्रमाणात झाला. निरोगी भावंडाचे दिले, त्यांना कमी.

माणसांतील सर्वांत मोठ्या अभ्यासांपैकी एक २०२२ सालचा. अमेरिका, ब्रिटन, स्पेन व अर्जेंटिना या देशांतील ५७६ रुग्ण आणि त्यांच्याच घरात राहणाऱ्या ५७६ निरोगी व्यक्ती यांची तुलना त्यात केली गेली. एकाच घरातील माणसे घेतल्याने खाण्यापिण्यातील फरक पुष्कळसा कमी झाला. तरीही रुग्णांत काही जीवाणू अधिक आणि काही कमी आढळले. कमी आढळलेल्यांत फिकॅलिबॅक्टेरियम हा एक उपयुक्त जीवाणू होता.

तो उपयुक्त का, हे समजून घेण्यासारखे आहे. भाज्या, कडधान्ये व भरड धान्ये यांतील तंतुमय भाग आपल्याला पचत नाही. तो मोठ्या आतड्यात पोहोचला की जीवाणू त्याला आंबवतात आणि त्यातून ब्युटिरिक, प्रॉपिऑनिक यांसारखी लहान मेदाम्ले तयार होतात. ही आम्ले आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात. शिवाय प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या ‘नियामक’ पेशींची संख्याही वाढवितात. एमएसमध्ये कमकुवत होतो तो हाच लगाम. जर्मनीतील बोखुम येथील गटाने एमएसच्या रुग्णांना नेहमीच्या औषधांच्या जोडीने प्रॉपिऑनिक आम्लाचा क्षार दिला. दोन आठवड्यांत त्यांच्या नियामक पेशी वाढल्याचे त्यांनी २०२० साली दाखविले. येथे ‘जोडीने’ हा शब्द अधोरेखित करावा.

आपल्या आतड्यांची गोष्ट

भारतीय माणसाच्या आतड्यातील जीवाणूंचा मेळ पाश्चात्त्यांपेक्षा निराळा आहे. पुण्यातील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने या विषयावर बरीच वर्षे काम केले. भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे जीवाणू विशेष प्रमाणात असतात, असे त्यांच्या २०१६ सालच्या अभ्यासात दिसले. धान्ये व भाजीपाल्यावर वाढलेल्या आतड्यात प्रिव्होटेला चांगला नांदतो.

त्याच वर्षी अमेरिकेत डॉ. आशुतोष मंगलम व त्यांच्या सहकाऱ्यांनी एमएसचे रुग्ण आणि निरोगी माणसे यांची तुलना प्रसिद्ध केली. त्यांना प्रिव्होटेला निरोगी माणसांत अधिक आढळला. त्याच कुळातील एका जीवाणूने उंदरांतील विकार सौम्य होतो, हेही त्यांनी पुढच्या वर्षी दाखविले. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की भाकरी-उसळीमुळे आपण एमएसपासून वाचलो, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. आपल्याकडे रुग्ण कमी असण्यामागे जनुके, ऊन, लहानपणीचे संसर्ग आणि न झालेली निदाने अशी अनेक कारणे असू शकतात. एकाच कारणाच्या गळ्यात माळ घालणे शास्त्राला धरून होणार नाही.

आपल्याकडे एमएससारखाच दिसणारा आणखी एक विकार आढळतो, न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. त्यातही डोळ्याची नस आणि मज्जारज्जू यांवर हल्ला होतो. मंगळूरच्या डॉ. लेखा पंडित व सहकाऱ्यांनी भारतीय रुग्णांत या विकाराचा अभ्यास केला. त्यांना रुग्णांच्या आतड्यात क्लोस्ट्रिडियम बोल्टी हा जीवाणू वाढलेला आढळला. त्याच्या एका प्रथिनाचा काही भाग, या विकारात ज्या मानवी प्रथिनावर हल्ला होतो त्याच्याशी मिळताजुळता आहे. चोराशी चेहरा जुळतो म्हणून घरच्या माणसाला मार बसावा, तसा काहीसा प्रकार येथे घडत असावा. या दोन विकारांत भेद करणे अत्यंत आवश्यक असते, कारण एमएसची काही औषधे न्यूरोमायलायटिसमध्ये अपाय करतात. रक्तातील एका विशिष्ट प्रतिपिंडाची तपासणी हा भेद करण्यास मदत करते.

मग पावडरीने गुण का येणार नाही?

संशोधन इतके पुढे गेले असताना पावडर का नको, असे कोणी विचारील. याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण, कारण कोणते आणि परिणाम कोणता हे माणसांत अजून सुटे झालेले नाही. एमएसमध्ये आतड्याची हालचाल मंदावते, बद्धकोष्ठ होते, आहार बदलतो, औषधे चालू असतात. या प्रत्येकाने जीवाणू बदलतात. अकरमॅन्सिया नावाचा जीवाणू रुग्णांत वाढलेला आढळतो, म्हणून तो दोषी असा संशय आला. पुढे २०२१ सालच्या एका अभ्यासात, ज्यांच्यात तो अधिक त्यांचे अपंगत्व कमी, असे दिसले. म्हणजे तो आग लावणारा की विझवायला धावलेला, हेच निश्चित नाही. ब्लाउटिया या जीवाणूचे उदाहरणही बोलके आहे. २०१६ च्या अमेरिकी अभ्यासात तो रुग्णांत अधिक निघाला, २०२२ च्या मोठ्या अभ्यासात कमी. जो जीवाणू वाढवायचा की घटवायचा हेच ठरलेले नाही, त्यासाठी बाजारात मिळणारी पुडी नेमके काय करणार?

दुसरे कारण, उंदराच्या पिंजऱ्यातील आतडे आणि माणसाचे आतडे यांत मोठे अंतर आहे. आपल्या आतड्यात बालपणापासून स्थिरावलेली वस्ती असते. बाहेरून आलेले जीवाणू बहुधा तेथे पाहुण्यासारखे राहतात आणि घेणे थांबविले की निघून जातात. जुलाब देऊन ‘शुद्धी’ केल्याने तर उपयुक्त जीवाणूही वाहून जातात आणि शरीरातील पाणी व क्षार घटतात.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. एमएसवरील आजची औषधे झटक्यांची संख्या कमी करतात आणि नवे व्रण रोखतात, हे माणसांतील काटेकोर चाचण्यांनी सिद्ध झाले आहे. ती आजार मुळासकट काढत नाहीत हे खरे, पण जे वाचविता येते ते वाचवितात. काही औषधे अचानक थांबविल्यास आजार उसळून येतो. त्या तीन महिन्यांत डोळ्याच्या नसेवर किंवा मज्जारज्जूवर व्रण झाला, तर पावडरीचे पैसे परत मिळाले तरी गेलेली दृष्टी परत येईलच असे नाही. औषधाचा त्रास होत असेल, खर्च झेपत नसेल, गर्भधारणेचा विचार असेल, तर तसे आपल्या न्यूरॉलॉजिस्टला स्पष्ट सांगावे. पर्याय असतात. मनाने बंद करणे हा पर्याय नव्हे.

घरी काय करता येईल

आतड्यातील जीवाणूंची काळजी घेण्यास महागडी पुडी लागत नाही. नाचणीची भाकरी, हातसडीचा तांदूळ, वरी, कुळीथ, पावटा, मटकी, हरभरा, पालेभाज्या, पावसाळ्यातील ओळखीच्या रानभाज्या, पेरू, केळी हे सारे तंतुमय आहे आणि आपल्या भागात मिळते. घरचे ताक सोसत असेल तर अवश्य घ्यावे. कडधान्यांची सवय नसेल तर प्रमाण हळूहळू वाढवावे, एकदम वाढविल्यास पोट फुगते. एमएस बरा करणारा असा कोणताही आहार सिद्ध झालेला नाही. पण वजन, बद्धकोष्ठ, साखर व रक्तदाब यांसाठी हा आहार उत्तम आहे, आणि त्याचा लाभ रुग्णाला होतोच.

बद्धकोष्ठाकडे विशेष लक्ष द्यावे. लघवी वारंवार लागते म्हणून कित्येक रुग्ण पाणीच कमी पितात. त्याने शौचाला कडक होते, लघवीत जंतुसंसर्ग होतो, आणि संसर्गाच्या तापाने जुनी लक्षणे तात्पुरती उफाळतात. घरची माणसे तो नवा झटका समजून घाबरतात. अशा वेळी ताप व लघवीची तपासणी आधी करावी.

सर्दी-पडशाला अँटिबायोटिक घेण्याची सवय सोडावी. सर्दी बहुधा विषाणूंनी होते. तिच्यावर ही औषधे चालत नाहीत, आतड्यातील उपयुक्त वस्तीवर मात्र चालतात. खरोखर जंतुसंसर्ग असेल तेव्हा मात्र ती पूर्ण मुदत घ्यावीत.

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असलेल्यांनी जिवंत जीवाणू असलेल्या गोळ्या-पुड्या आपल्या मर्जीने घेऊ नयेत. क्वचित प्रसंगी निरुपद्रवी जीवाणूही अशा शरीरात संसर्ग करू शकतात. ही औषधे सुरू करण्यापूर्वी क्षयरोग व कावीळ-बी यांची तपासणी आणि आवश्यक त्या लसी यांविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे. धूम्रपान पूर्ण थांबवावे. ‘ड’ जीवनसत्त्व तपासून, कमी असल्यास सांगितलेल्या मात्रेतच घ्यावे.

वेळ दवडू नये

डोंगरी भागात या विकाराचे निदान उशिरा होते. नजर मंदावली की चष्म्याचा नंबर बदलला असे वाटते. पाय जड झाला की मणक्याचा दोष, नाहीतर अंगावरून वारे गेले, नाहीतर बाहेरचे काही, अशी चर्चा होते आणि मधल्या काळात लक्षण आपोआप ओसरल्याने सारेच निश्चिंत होतात. तरुण वयात एका डोळ्याची दृष्टी दुखऱ्या डोळ्यासह काही दिवसांत घटली, किंवा बधिरता, अशक्तपणा, दुहेरी दिसणे, तोल जाणे यांपैकी काही चोवीस तासांहून अधिक टिकले, तर ते ओसरले तरी तपासणी करावी. आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन कराड, सातारा किंवा कोल्हापूर येथे न्यूरॉलॉजिस्टना दाखवावे आणि ते सांगतील तशी मेंदूची व मज्जारज्जूची एमआरआय तपासणी करून घ्यावी. लक्षण कोणत्या तारखेला सुरू झाले आणि किती दिवस राहिले, हे एका वहीत लिहून ठेवल्यास निदानाला फार मदत होते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात एमएसचा समावेश आहे. ठरावीक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असल्यास जिल्हा रुग्णालयामार्फत प्रमाणपत्र मिळते व त्यानुसार सवलती मिळतात. मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था मुंबईत १९८५ पासून काम करीत असून पुण्यातही तिची शाखा आहे. हा आजार घेऊन संसार आणि नोकरी सांभाळणारी माणसे तेथे भेटतात. नव्याने निदान झालेल्या कुटुंबाला त्यांच्याशी झालेल्या तासाभराच्या बोलण्याने जो धीर येतो, तो डॉक्टरच्या सांगण्याने येतोच असे नाही.

पुढील अंकात या विकारातील थकवा आणि घरी करता येण्याजोगे व्यायाम यांविषयी लिहीन.